तुळजापूर–अक्कलकोट–पंढरपूर: पुण्याहून गाडीने, सात माणसं, दोन मुक्काम. मार्गदर्शन हवं आहे

आभाळवेडी (२ डिसेंबर, रात्री १०:१५)

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, चूकभूल पोटात घाला.

धाकट्या दिरांचं लग्न गेल्या महिन्यात झालं. आमची कुलदेवी तुळजापूरची. घरी गोंधळ झाला, पण नव्या जोडीला घेऊन देवीची ओटी भरायची राहिली आहे. आता निघतोच आहोत तर एका फेरीत चार ठिकाणं उरकावीत असं डोक्यात आहे. माणसं सात: सासूबाई (वय ६७, एक गुडघा बदललेला, दुसरा बदलायचा), सासरे (७२, रक्तदाबाच्या गोळ्या, बाकी ठणठणीत), दीर, जाऊबाई, नवरा, मी आणि माझा ११ वर्षांचा मुलगा. गाडी अर्टिगा, सीएनजीवाली. चालवणारे दोघं, नवरा आणि दीर.

माझा बेत असा:
३० डिसेंबर: पुणे ते तुळजापूर, दर्शन, मुक्काम.
३१ डिसेंबर: अक्कलकोट, तिथून गाणगापूर, मुक्काम परत अक्कलकोटला.
१ जानेवारी: पंढरपूर, रात्री पुण्यात.

नाताळची सुट्टी असते म्हणून या तारखा. रस्ते कसे आहेत, राहायचं कुठे, सासूबाईंना पायऱ्या किती पडतील आणि नळदुर्ग वाटेत बसतो का, एवढं सांगा. नकाशावर सगळं जवळजवळ दिसतंय.

---

इंजिनऑइल

नकाशावर पुणे-गोवासुद्धा जवळच दिसतं हो.

रस्त्याचं सांगतो. पुणे-सोलापूर २५० किमी धरा, चौपदरी, डोळे मिटून (म्हणजे उघडे ठेवूनच). खरी कसोटी हडपसर ते उरुळी कांचन एवढीच. पहाटे साडेपाचच्या आत हडपसर मागे टाकलंत तर दिवस तुमचा, आठला निघालात तर वाहतुकीचा. टोल पाटस, सरडेवाडी, वरवडे आणि सावळेश्वरला. सोलापूरहून तुळजापूर ४५ किमी, धुळ्याकडे जाणारा महामार्ग, तोही उत्तम. मध्ये तामलवाडीला आणखी एक टोल. फास्टॅग चालू आहे का ते आज बघा, नाक्यावर नव्हे.

आता गाडी. अर्टिगात सात माणसं बसली की मागे सामानाला जागा उरते ती एका पिशवीपुरती, आणि तुमच्याकडे तिथे सिलिंडर आहे. छताला कॅरियर लावा नाहीतर प्रत्येकी एक छोटी बॅग असा कायदा करा. शेवटच्या रांगेत मुलगा आणि नवी नवरी. गुडघेवाल्या माणसाला मागे पाठवू नका, मधल्या रांगेत खिडकीपाशी. चाकातली हवा भरलेल्या गाडीच्या हिशेबाने भरा, दारावरच्या स्टिकरवर आकडा असतो. सीएनजीच्या रांगेत तास जाऊ शकतो, त्यामुळे पेट्रोलची टाकीही भरून ठेवा.

---

औदुंबरछाया

छान बेत. अक्कलकोटपर्यंत जाऊन गाणगापूर टाळू नका हे आधीच सांगतो, कारण इथे कुणीतरी टाळा म्हणणारच. दत्तमहाराजांच्या निर्गुण पादुकांचं दर्शन झालं की थकवा राहत नाही.

---

शेंगाचटणी

मी टाळा म्हणणारा. मी सोलापूरचा, वर्षातून दोनदा तरी गाणगापूरला जातो, म्हणून सांगायलोय.

अक्कलकोट ते गाणगापूर जाऊन-येऊन दीडशेच्या आसपास किलोमीटर होतंय. अंतर कमीच आहे, पण वेळ कुठं जातो सांगतो. गाणगापूर म्हणजे देऊळ बघितलं आन् निघालं असं नसतंय. भीमा-अमरजेच्या संगमावर जायचं, स्नान करायचं, तिथनं देवळात यायचं, दुपारी माधुकरी मागायची. महाराज अजून दुपारी भिक्षेला येतात अशी श्रद्धा आहे तिथं. दुपारची वेळ हुकली तर गाणगापूरला जाऊन काय केलं? त्याला आख्खा दिवस लागतोय. बदललेला गुडघा घेऊन संगमावरचा उतार उतरायचा, परत चढायचा, हे सगळं तासाभरात? नको.

पुढच्या वेळी गाणगापूर एकटंच करा. रेल्वेनं या, गाणगापूर रोड म्हणून ठेसनच आहे, तिथनं वीसेक किलोमीटर गाव.

आन् ३१ डिसेंबरला अक्कलकोट? नवीन वर्ष स्वामींच्या पायाशी सुरू करायला आख्खा महाराष्ट्र येतोय तिथं. १ तारखेला पंढरपुरात तेच. गर्दीचा अभ्यास करूनच तारखा काढल्यात जणू.

---

औदुंबरछाया

शेंगाचटणी, माधुकरीचं बरोबर. पण श्रद्धेने गेलेल्याला महाराज वेळ जुळवून देतात हा आमचा अनुभव. असो, वाद घालत नाही.

---

गोमुखतीर्थ

मी तुळजापूरचा. रस्ता, टोल, गुडघे सगळं झालं, पण मूळ गोष्ट कुणी बघितली नाही. ताई, घरातलं कॅलेंडर काढा आणि पौष शुद्ध अष्टमी कधी आहे ते बघा.

त्या दिवशी शाकंभरी नवरात्राची घटस्थापना. त्याच्या आधीचा आठवडा देवी मंचकी निद्रेत असते. वर्षातून तीनदा असं होतं: भाद्रपदात घटस्थापनेच्या आधी, दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर कोजागरीपर्यंत, आणि हे पौषातलं. आमच्या देवीची मूर्ती चल आहे, बाकी ठिकाणासारखी रोवलेली नाही. सिंहासनावरून उचलून तिला पलंगावर निजवतात. दर्शन मिळतं, पण ते निद्रिस्त देवीचं. अभिषेक, सिंहासन पूजा सगळं बंद. नवी नवरी ओटी भरायला यायची आणि देवी झोपलेली, असं होईल. काही लोकांना त्याच रूपाचं दर्शन हवं असतं, मुद्दाम येतात. पण तुम्हाला कुलाचार करायचा आहे. यंदा पौष त्याच सुमाराला लागतोय, ३० तारखेला अमावास्या आहे, तीही सोमवती. तारखा बदला.

पायऱ्यांचं: देऊळ खोलात आहे. महाद्वारातून आत आलं की पायऱ्या उतरायच्या, वाटेत गोमुख आणि कल्लोळ तीर्थ, मग निंबाळकर दरवाजा आणि आत मुख्य आवार. उतरताना काही वाटत नाही. गुडघे बोलतात ते परत चढताना. सासूबाईंना घाई करू नका, दर दहा पायऱ्यांना थांबा.

मंगळवार, शुक्रवार, रविवार आणि पौर्णिमा सोडून या. सोमवार बरा. पहाटे चरणतीर्थाच्या विधीनंतर अभिषेक सुरू होतात, तेव्हा आत असलात तर दुपारच्या गर्दीशी तुमचा संबंधच येत नाही.

---

आभाळवेडी

गोमुखतीर्थ, तुमचे आभार कसे मानू! कॅलेंडर काढून बघितलं आणि घाम फुटला. तीन आठवडे मी हॉटेलांचे फोटो बघत होते आणि भिंतीवरचं कॅलेंडर एकदाही बघितलं नव्हतं.

आता २२, २३, २४ डिसेंबर, रविवार ते मंगळवार करतेय. मुलाची शाळा दोन दिवस बुडेल, त्याला याचं अजिबात दुःख नाही. गाणगापूरचं मात्र मन होत नाहीये सोडायचं.

---

आजी_ऑनलाइन

सगळा धागा वाचला. सूनबाई, सासऱ्यांचा रक्तदाब लिहिलात, सासूबाईंचा गुडघा लिहिलात, मुलाचं वय लिहिलंत. सासूबाईंना काय हवंय ते कुठे लिहिलेलं दिसलं नाही. विचारलंत का त्यांना?

---

आभाळवेडी (५ डिसेंबर, दुपारी ३:४०)

आजी, तुमची पोस्ट वाचून आधी राग आला, खोटं कशाला बोलू. मग लक्षात आलं की खरंच विचारलं नव्हतं. "आई, आपण चार ठिकाणं करतोय" असं सांगितलं होतं आणि त्या "बरं" म्हणाल्या होत्या.

काल रात्री लसूण सोलताना विचारलं. आधी "तुम्ही ठरवाल ते" झालं. मग म्हणाल्या, "मला तुळजापूरला एक रात्र काढायची आहे. नुसतं दर्शन नको." त्यांचं लग्न १९७९ सालचं. तेव्हा एसटीने सगळं वऱ्हाड गेलं होतं आणि भोप्यांच्या (देवीच्या पुजाऱ्यांच्या) वाड्यात उतरलं होतं. पुरणावरणाचा नैवेद्य तिथल्याच चुलीवर केला होता. त्यांच्या सासूबाईंनी तिथे त्यांच्या हातात परडी, म्हणजे देवीच्या जोगव्याची वेताची टोपली, दिली. ती परडी आमच्या देवघरात आहे, मी रोज बघते. वेत सुटलेत, एका बाजूने दोऱ्याने बांधली आहे. मला वाटायचं जुनी म्हणून ठेवलीये. त्यांना ती तुळजापूरला नेऊन नवी आणायची आहे. गेली चार-पाच वर्षं मनात आहे, पण "आपणहून कुठे सांगायचं".

गाणगापूरचं विचारलं तर म्हणाल्या, "तिथे तुझ्या सासऱ्यांना घेऊन जा, मी घरी झोपेन."

गाणगापूर रद्द. औदुंबरछाया, माफ करा.

---

औदुंबरछाया

अहो माफी कसली. आईंची परडी आधी.

---

गोमुखतीर्थ

मग लॉजवर उतरू नका. तुमच्या घराण्याचा पुजारी कोण ते सासऱ्यांना किंवा गावाकडच्या भाऊबंदांना विचारा. इथे यजमानांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली असतात. पुजाऱ्यांच्या घरी राहायची सोय असते, नैवेद्याचा स्वयंपाक होतो, पूजेचं तेच बघतात. आधी फोन करा, दक्षिणा, जेवण, खोली यांचं मोकळेपणाने बोलून घ्या म्हणजे नंतर कुणाचं तोंड वाकडं होत नाही. जुने वाडे आता फारसे उरले नाहीत, तेवढी मनाची तयारी ठेवा.

परडी महाद्वाराच्या रस्त्यावर मिळते, कवड्यांची माळही. वेताची घट्ट विणलेली बघून घ्या, रंगाला भुलू नका.

आणि मुलाला चिंतामणी दाखवा. गोल दगड आहे, त्यावर हात टेकवून मनात प्रश्न धरायचा. उजवीकडे फिरला तर हो, डावीकडे फिरला तर नाही.

---

चोखोबांच्या_पायरीशी

पंढरपूरकर हजर. उशिरा आलो, कारण तुमचा धागा "नियोजन" या शब्दाखाली होता आणि पंढरीला आमच्याकडे कुणी नियोजन करून येत नाही. 😀

मंगळवार चालेल. त्या आठवड्यात एकादशी गुरुवारी आहे, तुम्ही त्याच्या आधी निसटताय, चांगलं आहे. पदस्पर्श दर्शनाची रांग साध्या दिवशीही दीड-दोन तासांची होऊ शकते. नैवेद्याच्या आणि पोशाखाच्या वेळी रांग जागेवर थांबते, तेव्हा उभं राहणं आलं. मुखदर्शनाची रांग वेगळी, ती लवकर सरकते. मोबाइल आत नेता येत नाही, तो गाडीतच ठेवा. विठोबाचं झाल्यावर रखुमाईकडे जायला विसरू नका, तिचं देऊळ मागे वेगळं आहे. घाईत असलेले पुष्कळ लोक तसेच बाहेर पडतात आणि मग एसटी स्टँडवर आठवतं.

सासूबाईंचा गुडघा रांगेत टिकणार नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. नामदेव पायरीचं दर्शन घ्या, समोरच चोखोबांची समाधी आहे तिथे टेका, आणि मान वर करून कळस बघा. माझे आजोबा आळंदीहून १८ दिवस चालत यायचे आणि आषाढीच्या गर्दीत कळसाला हात जोडून परत फिरायचे. आत गेला नाहीत असं त्यांना विचारायची आमची हिंमत नव्हती. नामदेवांना तर पायरीच हवी होती.

सोलापूरहून येताना मोहोळला वळा. मोहोळ-पंढरपूर आता पालखी महामार्ग आहे, चौपदरी.

---

दोन_खंड_दूर

म्युनिकमधून वाचतोय, इथे बाहेर उणे तीन आहे. आमचीही कुलदेवी तीच. आठ वर्षं झाली लग्नाला, ओटी अजून बाकी आहे. बायको धागा वाचून म्हणाली, "बघ, लोक तारखा बदलतात." काही विचारायचं नाहीये, फक्त परत आलात की लिहा.

---

इंजिनऑइल

एक महत्त्वाची गोष्ट राहिली. डिसेंबर म्हणजे साखर कारखान्यांचा हंगाम. मोहोळ, पंढरपूर, टेंभुर्णी, इंदापूर हा सगळा पट्टा उसाचा. रात्री समोर ट्रॅक्टर दिसतो, पण त्याच्या मागे दोन ट्रॉल्या आहेत, त्या वाढ्यांसकट रस्त्याच्या मधापर्यंत आल्या आहेत आणि मागे एकही लाल दिवा नाही, हे आपल्याला पन्नास फुटांवर गेल्यावर कळतं. बंद पडलेली ट्रॉली तर दगड लावून तशीच उभी असते. अंधार पडल्यावर त्या भागात गाडी चालवू नका. पंढरपूर दुपारी तीनला सोडा, दिवसाउजेडी भिगवण पार व्हायला हवं. पहाटे उजनीच्या काठाने धुकं असतं, तिथे घाई नको.

---

शेंगाचटणी

आता खाण्याचं बघा की. कुणी बोलंनाच.

अक्कलकोटला अन्नछत्रात महाप्रसाद घ्या, पैसे नाहीत, पंगत झटपट उठती. स्वामींचं वटवृक्ष मंदिर बघून लोक परत फिरतात, तसं करू नका. समाधी मठ वेगळा आहे, चोळप्पांच्या घरी. गर्दी कमी, दोन मिनिटं टेकता येतं. पोराला राजवाड्यातलं शस्त्रागार दाखवा, देवळं बघून कंटाळला आसंल तोवर. १८७८ साली स्वामींनी देह ठेवला, त्या आधी वीसेक वर्षं ते याच गावात होते, हे त्याला सांगा म्हणजे गाव जरा वेगळं दिसंल.

सोलापुरात कडक भाकरी, शेंगाची चटणी आन् दही. चटणी उखळात कुटलेली बघून घ्या, मिक्सरची कोरडी लागती. डबा घरी न्यायचा तर दोन न्या, एक इंदापूरपर्यंत संपतोय.

नळदुर्ग: तुळजापूरहून तीसेक किलोमीटर, तिथनं अक्कलकोटला उतरता येतं. पाणी महाल बघण्यासारखा, बोरी नदी आडवून बांधलाय. पण नर-मादी धबधबा पावसाळ्यातला, डिसेंबरात नसतोय. वयस्कर माणसं घेऊन उन्हात किल्ला फिरायचा तर विचार करा.

---

आभाळवेडी

खाण्यावरून एक घरगुती प्रश्न. भिगवणचा बोर्ड आठवला की सासरे एकदम गप्प होतात. चिलापी फ्राय. जाताना शक्यच नाही. येताना चालेल का, यावर घरात दोन पक्ष पडलेत.

---

आजी_ऑनलाइन

देवाला जाताना नाही, येताना हरकत नाही, असं आमच्याकडे.

गोमुखतीर्थ

आमच्या भागात कित्येक घरांत देवीलाच सामिष नैवेद्य असतो. प्रत्येकाचा कुळाचार वेगळा.

चोखोबांच्या_पायरीशी

पंढरपूरहून निघून दोन तासांत मासे? तुमचं तुम्ही बघा बुवा. मी बुक्का लावून बसलोय.

---

आभाळवेडी (१९ डिसेंबर, रात्री ११:०५)

शेवटचा बेत. रविवारी पहाटे पाचला निघायचं, दुपारी तुळजापूर, पुजाऱ्यांकडे मुक्काम. सासऱ्यांच्या चुलतभावाकडून नंबर मिळाला. सोमवारी पहाटे अभिषेक आणि ओटी, दुपारी सोलापूरमार्गे अक्कलकोट, मुक्काम. मंगळवारी सकाळी पंढरपूर, मुखदर्शन किंवा कळस, तीनला परत. नळदुर्ग नाही, गाणगापूर नाही. चारांची तीन ठिकाणं झाली आणि बॅगाही तेवढ्याच कमी झाल्या.

---

आभाळवेडी (२६ डिसेंबर, सकाळी ११:२०)

आलो. सगळ्यांना एकदमच लिहिते.

पाचला निघणार होतो, पाच चाळीसला निघालो, कारण जाऊबाईंना वाटलं देवीची साडी दिरांनी घेतली आणि दिरांना वाटलं त्यांनी घेतली. साडी कपाटातच होती. पाटसच्या नाक्यावर इंजिनऑइलची आठवण आली. फास्टॅगमध्ये पैसे होते, पण केवायसी राहिलं होतं, टॅग बंद. दुप्पट टोल भरला. नवऱ्याने धागा वाचला होता म्हणे. पुढच्या नाक्याच्या आत गाडी बाजूला घेऊन ते काम मोबाइलवर केलं आणि टॅग संध्याकाळी चालू झाला, म्हणजे सगळे टोल दुप्पट भरून झाल्यावर.

तुळजापूरला साडेबारा झाले. वाडा नाहीये. तिथे तीन मजली इमारत आहे, खाली पार्किंग, वर खोल्या. आई गाडीतून उतरल्या आणि बघत राहिल्या. मला वाटलं आता डोळ्यांत पाणी येणार. तसं काही नाही झालं. त्या जिन्याकडे गेल्या आणि पहिल्या पायरीच्या शेजारी वाकून बघायला लागल्या. तिथे जात्याची एक तळी फरशीत बसवली होती, लोक त्यावर चपला काढत होते. "हेच ते. मी यावर डाळ भरडली होती, खुंटा सैल होता," म्हणाल्या. पुजाऱ्यांच्या आई आल्या, वय ऐंशीच्या घरात. त्या म्हणाल्या, खुंटा शेवटपर्यंत सैलच होता. बास, दोघींचं जमलं. त्या दुपारी आम्ही बाकीचे कुणीच नव्हतो.

पहाटे चरणतीर्थाच्या वेळी थंडी मरणाची. पायऱ्या उतरताना आईंनी माझा हात धरला नाही, नव्या सुनेचा धरला, मला दिसलं, मी काही बोलले नाही. अभिषेक, ओटी, सगळं सोमवारमुळे शांत झालं. गाभाऱ्यात जाऊबाई इतक्या गोंधळल्या की खणाची घडी उलटी ठेवली. पुजारी म्हणाले, "देवीला सवय आहे."

जुन्या परडीचं काय करायचं ते आईंनी आमच्यासमोर काही केलं नाही. पुजाऱ्यांच्या आईंशी आत बोलल्या आणि बाहेर आल्या तेव्हा ती हातात नव्हती. नवी त्यांनी स्वतः निवडली, सात दुकानं फिरून. गोमुखतीर्थ म्हणाले होते तशी, विणीला नख लावून बघत. चढताना दर दहा पायऱ्यांना थांबलो. मुलगा मोजत होता, त्यामुळे फसवता आलं नाही.

चिंतामणीवर मुलाने हात ठेवला. दगड डावीकडे गेला. काय विचारलं ते सांगत नाही, पण तेव्हापासून वार्षिक परीक्षेचा अभ्यास करतोय.

गाडीत बसताना आईंनी परडी माझ्या मांडीवर ठेवली. "धर जरा, माझ्याकडे शेंगापोळ्यांचा डबा आहे." अक्कलकोटला डबा रिकामा झाला. परडी त्यांनी परत मागितली नाही. पंढरपुरातही नाही. आता ती देवघरात आहे, माझ्या बाजूच्या कप्प्यात. मी पण विचारलेलं नाही.

अक्कलकोटला समाधी मठात खरंच गर्दी नव्हती. सासरे तिथे अर्धा तास बसले, आम्ही त्यांना बाहेर शोधत होतो. शस्त्रागार मुलाला फारच आवडलं, पंढरपूरपर्यंत तलवारींचंच चाललं होतं.

पंढरपुरात आई रांगेकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही जा." आम्ही मुखदर्शनाला गेलो, त्या नामदेव पायरीपाशी एका वारकरी बाईंच्या शेजारी सतरंजीवर बसल्या. परत आलो तर दोघी मिळून चुरमुरे खात होत्या. चोखोबांच्या_पायरीशी, रखुमाई विसरलो नाही. तुमच्यामुळे.

तीनऐवजी सव्वातीनला निघालो. टेंभुर्णीच्या अलीकडे एक ट्रॉली आडवी झाली होती, सगळा रस्ता ऊसच ऊस. दिवसा होतं म्हणून लांबून दिसलं. नवऱ्याने गाडी थांबवली आणि माझ्याकडे बघितलं. इंजिनऑइल, तुमचं नाव आमच्या घरात आता आदराने घेतलं जातं.

---

दोन_खंड_दूर

वाचलं. बायकोने फेब्रुवारीची तिकिटं बघायला घेतली आहेत. फेब्रुवारीत निद्रा नाही ना?

गोमुखतीर्थ

नाही. निर्धास्त या. मंगळवार, शुक्रवार, रविवार सोडून.

शेंगाचटणी

सगळं खरं, पण भिगवणचं काय झालं?

आभाळवेडी

मंगळवार होता हो. आमच्याकडे मंगळवारी चालत नाही, हे तारखा ठरवताना कुणाच्याच लक्षात आलं नाही. भिगवण आलं तेव्हा बाबा खिडकीतून बाहेर बघत होते, एक बोर्ड गेला, दुसरा गेला, पळसदेवपासून ते काही बोललेच नव्हते. घरी आल्यावर बूट काढायच्या आधी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं आणि गाणगापूरसाठी तारखा बघायला बसले. परतीचा दिवस बुधवार पाहिजे म्हणतात.